कॅलेंडरची खोटी साक्ष

माझं पहिलं मोठं आजारपण मी ग्वाल्हेरच्या दौलतगंजात बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, खाऊन मिळवलं. एक नाही, सहा. वर रस्सेदार बटाटा, मग पलीकडच्या गाडीवरचे मूगडाळीचे मंगोडे, आणि एवढ्यावर थांबणारी मी नव्हे, म्हणून शेवटी पाव किलो इमरती, तीही एकटीने. घरी पोचले आणि उजव्या बाजूला अशी कळ आली की मी बैठकीच्या दिवाणावर कोसळले. कोसळले म्हणजे खरोखरची थोडी आणि अभिनयाची बरीच. कॉलेजच्या नाटकात मी दोनदा मेलेली होते, त्यामुळे कसं पडायचं ते मला ठाऊक होतं. बाबा वर्तमानपत्र टाकून धावले. आईने मात्र स्वयंपाकघरातून नुसती मान बाहेर काढली आणि विचारलं, "काय खाल्लंस?" तिला माझे सगळे प्रवेश पाठ होते.

पण बाबा घाबरट. त्यांच्या मते पोटात उजवीकडे दुखलं की अपेंडिक्स, डावीकडे दुखलं की हृदय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला स्कूटरवर घालून पडाव भागात नेलं. स्टेशनजवळ एक जिना चढून वर सोनोग्राफी सेंटर होतं. खाली मुरारकडे जाणाऱ्या रिक्षावाल्यांची "मुरार, मुरार" अशी हाकाटी आणि वर मी लिटरभर पाणी पिऊन एका बाकावर दात-ओठ आवळून बसलेली. दुखणं तोवर पार गेलेलं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. एवढं पाणी प्यायल्यावर निदान काहीतरी निघावं असं मला वाटत होतं. आणि निघालं. अपेंडिक्स ठीक होतं, जठर, यकृत, मूत्रपिंडं सगळी ठीक होती, आणि सर्वांत खाली, जणू लिहिणाऱ्याला जाता जाता आठवलं म्हणून, एक ओळ होती: दोन्ही अंडाशय पॉलिसिस्टिक स्वरूपाचे.

बाबांचा छापील कागदावर फार विश्वास. त्यांनी घरी आल्यावर डिक्शनरी काढली. पॉली म्हणजे अनेक, सिस्ट म्हणजे गाठ. "अनेक गाठी," असं त्यांनी मोठ्याने म्हटलं आणि चष्मा काढून ठेवला. तेवढ्यात समोरच्या मिश्रा आंटी दही विरजणाला मागायला आल्या आणि त्यांनी उरलेलं काम पूर्ण केलं. "अरे, ये तो पीसीओडी है भाईसाहब! मेरी भतीजी को था. मोटी हो गई, मूँछें आ गईं, बच्चा भी नहीं हो रहा." त्या दही घेऊन गेल्या आणि आमच्या घरात माझ्या हनुवटीचं परीक्षण सुरू झालं. मला खिडकीपाशी उजेडात उभं केलं गेलं. आईने एका बाजूने पाहिलं, बाबांनी संकोचून दुसऱ्या बाजूने, आणि माई आत्याने समोरून, भिंग लावून. एक तीळ होता, तो जन्मापासूनचा. तरी आत्या म्हणाली, "लक्ष ठेवायला हवं."

माई आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, निवृत्त झाल्यावर आमच्याकडे दर्पण कॉलनीत राहायला आली आणि आल्या दिवशीच घराचा ताबा तिच्याकडे गेला. देवघर तिचं, सोवळं-ओवळं तिचं, वेळापत्रक तिचं. तिच्या केसांच्या अंबाड्यात नेहमी एक लाल पेन्सिल खोचलेली असे. दूधवाल्याच्या चिठ्ठीपासून लग्नपत्रिकेपर्यंत घरात येणारा कोणताही कागद त्या पेन्सिलीखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. माझी प्रेमपत्रं मी घरी कधी आणली नाहीत, त्याचं कारण नीती नव्हतं, त्यातलं शुद्धलेखन होतं.

त्या संध्याकाळपासून माझा खुराक बदलला. सकाळी मेथ्यांचं पाणी, दुपारी ज्वारीची भाकरी, जी ग्वाल्हेरात तेव्हा शोधून आणावी लागे, संध्याकाळी दुधी. साखर बंद, बटाटा बंद, दौलतगंज बंद. मे महिना चालू होता, तरी येत्या थंडीतली तिळगुळाची गजकसुद्धा आत्तापासून बंद झाल्याचं जाहीर झालं. कूलरची घरघर, गवताच्या ताट्यांचा ओला वास, आणि त्यात दुधी चघळत बसलेली मी. हे सगळं मी सोसलं असतं. पण चौथ्या दिवशी जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "नीलू, बडोद्याचं यंदा राहू दे."

इथे सांगायला हवं की बडोद्याला मला नाट्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळाला होता. ते पत्र मी उशीखाली ठेवून झोपत असे. बाबांना राजी करायला मला वर्ष लागलं होतं. रडून झालं होतं, उपास करून झालं होतं, शेवटी गंभीरपणे बोलूनही झालं होतं, आणि तेच कामाला आलं होतं.

"का?" मी विचारलं.

"हॉस्टेलचं खाणं, जागरणं. तब्येत अशी. मिश्रा आंटी म्हणत होत्या, जितकं लवकर लग्न तितकं बरं. नंतर मुलाबाळांची अडचण होते. नागपूरच्या स्थळाचे लोक अजून थांबलेत. माई, त्यांना होकार कळवून टाकू या का?"

"अरे, पण बाबा, मला काही होतंच नाहीये!"

"तेच तर," बाबा म्हणाले. "रिपोर्टमध्ये आहे आणि तुला कळतसुद्धा नाही."

मी आईकडे पाहिलं. आई सहसा वादात पडत नसे, पण त्या दिवशी पोळी तव्यावर तशीच ठेवून म्हणाली, "नागपूरला कळवायच्या आधी बायकांच्या डॉक्टरला तरी दाखवा. आत्तापर्यंत एका डिक्शनरीने आणि एका मिश्रा आंटीने तपासलंय." आत्याने मान हलवली. तिला परीक्षक बदलून तपासणी करणं नेहमीच मान्य असे. नागपूरचं पत्र डॉक्टरांचं ऐकेपर्यंत थांबलं.

आता मला त्या कॅलेंडरबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगताना आज या वयातही मला आधी दाराकडे बघून घ्यावंसं वाटतं.

आमच्या घरी बाजूला बसणं होतं. मागच्या खोलीत एक चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या, चार दिवस देवघराला आणि स्वयंपाकघराला बंदी. कुळाचार, सत्यनारायण, नवरात्र यांच्या तारखा आत्याला आधी ठरवाव्या लागत, म्हणून ती देवघराबाहेरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने खूण करत असे. आईची 'सु', माझी 'नी', भोवती छोटा गोल. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून कपाटावर जाई. येणारा-जाणारा पाहुणा तिथेच चपला काढे आणि माझा महिना वाचून आत येई. पहिली दोन वर्षं मी याचा फार संताप केला. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की ही शिक्षा नाही, ही सुट्टी आहे. पितळ घासायचं नाही, पापड लाटायचे नाहीत, पाहुण्यांपुढे चहा न्यायचा नाही. ताट आयतं येतं. चटईवर पालथं पडून दिवसभर वाचायचं. एवढी सोय असताना ती निसर्गाच्या मर्जीने महिन्यातून एकदाच का घ्यायची?

तर मी ती माझ्या मर्जीने घेऊ लागले. दिवाळीच्या साफसफाईच्या आदल्या दिवशी, "आत्या, मी बाजूला." उन्हाळ्यात कुरडया घालायच्या सकाळी, "आत्या, मी बाजूला." नागपूरचे लोक मला बघायला यायचे होते त्या दिवशी तर मी ते वाक्य इतक्या खेदाने म्हटलं की आत्याला माझीच दया आली. अर्थात एकदा खोटी खूण झाली की खरी आल्यावर गप्प बसणं भाग होतं, त्यामुळे खरे दिवस मी हसतमुखाने स्वयंपाकघरात काढत असे. आणि एका वर्षी गणपतीत तर उलटंच झालं. मंडळाच्या मांडवात माझं नाटक होतं, मुख्य भूमिका, आणि नेमकी त्याच दिवशी मला पाळी आली. बाजूला बसले तर मांडवात पाऊल टाकता येणार नाही. मी चकार शब्द काढला नाही. रात्री नाटक केलं, टाळ्या घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी घरच्या गौरींच्या नैवेद्याचं पुरण आत्याने माझ्याच हाती दिलं, कारण आईचा खांदा दुखत होता. मी ते वाटलं. मान खाली घालून, मन लावून वाटलं.

खोटं नियमित बोलायचं असेल तर खरं कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. माझ्या तालमींच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी खऱ्या तारखांना बारीक टिंबं देत असे, म्हणजे मी कुठे अडकू शकते ते मला कळे. ती वही माझ्या झोळ्यात कायम असायची.

डॉक्टर सक्सेना मॅडमचा दवाखाना दौलतगंजातच, एका कापडाच्या दुकानाच्या वर होता. खालून कापडाचं थान उलगडल्याचे फटाफट आवाज येत. आम्ही चौघं गेलो. बाबा बाहेरच बसले, त्यांना आत यायची लाज वाटत होती. आत आई, मी, आणि हातात पिशवी घेतलेली आत्या. मॅडम जाड्या, हसऱ्या, टेबलावर पंख्याखाली उडणाऱ्या कागदांवर एक वजन म्हणून अडकित्ता ठेवलेला. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, जणू आजारी तीच होती.

"घबराइए मत. ये गाँठें नहीं हैं, माताजी. छोटी-छोटी थैलियाँ हैं, अंडे की. हर लड़की के होती हैं. इसकी ज़रा ज़्यादा दिख रही हैं. इस उम्र में बहुतों की दिखती हैं."

"मग आजार?" आत्याने मराठीतच विचारलं. बाई तीस वर्षं ग्वाल्हेरात दवाखाना चालवत होत्या, त्यांना कळलं.

"बीमारी अलग चीज़ है." मग त्यांनी तीन बोटं वर केली. त्यांचं म्हणणं मी मराठीत सांगते, कारण त्यानंतर कित्येकींना मी ते तसंच सांगत आले आहे. हा चित्रातला आकार म्हणजे नुसतं चित्र. सिंड्रोम हे वेगळं प्रकरण, त्यात शरीरातल्या संप्रेरकांचा आणि साखरेचा सगळा कारभारच बिघडतो, म्हणून तो हसण्यावारी न्यायचा नाही. पण तो आहे असं म्हणायला तीन साक्षीदारांपैकी निदान दोघांनी साक्ष द्यावी लागते. पहिला साक्षीदार हे चित्र. दुसरा पाळी, म्हणजे ती फार उशिरा, फार मागेपुढे येते का. तिसरा पुरुषी संप्रेरक वाढल्याची खूण: हनुवटीवर, छातीवर राठ केस, हटवादी मुरमं, किंवा रक्ताच्या तपासणीत आलेला आकडा. शिवाय थायरॉइडसारखं दुसरं काही नाही ना, तेही बघायचं. एकट्या चित्राच्या साक्षीवर कुणाला दोषी धरत नाहीत.

माझ्या हनुवटीवरचा तीळ त्यांनी पाहिला आणि सोडून दिला. मुरमं नव्हती. "तो फिर रह गया दूसरा गवाह. महीना टाइम पे आता है?"

मी तोंड उघडलं, पण आत्या माझ्याआधी तयार होती. तिने पिशवीतून चार गुंडाळ्या काढल्या. चार वर्षांची कॅलेंडरं! टेबलावर अंथरली, अडकित्त्याने एक टोक दाबलं, आणि मुख्याध्यापिकेच्या अभिमानाने म्हणाली, "सगळं लिहिलेलं आहे."

मॅडम तर खूषच झाल्या. "वाह माताजी! ऐसा रिकॉर्ड तो मेरी एक भी पेशेंट नहीं लाती." आणि त्या मोजू लागल्या. पेनाचं टोक या गोलावरून त्या गोलावर जाऊ लागलं. एकोणतीस. तीस. मग सतरा. मग सत्तेचाळीस. मग एकवीस. त्या एका वर्षी गौरींच्या महिन्यात तर गोलच नव्हता. जसजसं पेन पुढे गेलं तसतसं त्यांचं हसू मावळत गेलं. खालच्या दुकानात कुणीतरी थान फाडलं आणि मला वाटलं, तो आवाज माझ्याच आतून आला.

"ये तो काफ़ी ऊपर-नीचे है," त्या म्हणाल्या. "फिर तो दो गवाह हो गए. मैं ख़ून की जाँच लिखती हूँ, पर लगता यही है कि…"

आईने पदर तोंडाला लावला. आत्याने हळूच विचारलं, "बडोदं?" मॅडमना अर्थात ते कळलं नाही. मला कळलं. माझं पत्र, माझी उशी, माझी वर्षभराची मेहनत त्या लाल गोलांमधून चालती झाली होती, आणि ते गोल तर मीच काढवून घेतले होते.

आयुष्यात मी पुष्कळ प्रवेश केले, पण पुढचा माझा सगळ्यात वाईट वठलेला. "मॅडम, ते खोटं है," मी अशा धेडगुजरीत म्हणाले. "कॅलेंडर खोटं है."

"मतलब?"

मी झोळ्यातून वही काढली, शेवटचं पान उघडलं, टेबलावर ठेवलं. "खरं इथे आहे." आणि मग आत्याकडे न बघता, समोरच्या भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत मी सगळं सांगितलं. साफसफाई. कुरडया. नागपूर. सांगता सांगता मला हेही कळत होतं की प्रत्येक खोट्या गोलाच्या मागे एक खरा दिवस आहे, ज्या दिवशी मी देवघरातून बिनदिक्कत ये-जा केली होती, आणि शेजारी बसलेल्या आत्याला हे माझ्यापेक्षा आधी कळलेलं आहे.

मॅडमनी टिंबं मोजली. अठ्ठावीस, एकोणतीस, सत्तावीस, एकोणतीस. आधी त्यांचे खांदे हलू लागले, मग टेबल, मग त्या डोळे पुसू लागल्या. "चार साल! गवाह को ही ख़रीद लिया लड़की ने!"

आई पदराआड हसत होती की रडत होती ते मला आजही माहीत नाही. विचारलं की ती विषय बदलते. हसली नाही ती फक्त आत्या.

"गौरींच्या वेळी?" तिने विचारलं.

"हो."

"कितवा दिवस?"

"दुसरा."

"पुरण तू वाटलंस."

"हो, आत्या."

तिने अंबाड्यातली पेन्सिल काढली, परत खोचली. मग कॅलेंडरं एकेक करून गुंडाळली.

मॅडमनी रक्ताची तपासणी तरीही लिहून दिलीच. "ज़बान पे नहीं, जाँच पे भरोसा," असं माझ्याकडे बघून म्हणाल्या. मग बाबांना आत बोलावलं आणि सगळं पुन्हा सांगितलं, माझी फसवणूक वगळून. बाबांनी धीर करून लग्नाचं विचारलं. तेव्हा मात्र त्यांचा आवाज बदलला. "सिंड्रोम होता तो भी शादी उसका इलाज नहीं है, भाईसाहब. इलाज होता है उसका. खाना-पीना, चलना-फिरना, ज़रूरत हो तो दवा. और बच्चे भी होते हैं, कभी-कभी थोड़ी मदद लगती है. लड़की को पढ़ने भेजिए." आठवड्याने तपासणीचे कागद आले. सगळे आकडे जागेवर. चित्र होतं तसंच होतं, सिंड्रोम नव्हता. बाबांनी ते छापील कागद तीनदा वाचले आणि बडोद्याचं तिकीट काढायला गेले. नागपूरला नकार गेला, शुद्धलेखन तपासून.

हल्ली ओळखीच्यांच्या मुली मला फोन करतात. "मावशी, मला पीसीओडी निघालंय." मी विचारते, "चित्रात निघालंय की तुझ्यात?" त्यांना वाटतं, मी थट्टा करते. एकीला खरंच सिंड्रोम होता. तिला मी थट्टा न करता डॉक्टरकडे पाठवलं, आणि ती आता रोज चालते, औषध घेते, वर्षाला साखर तपासते, मजेत आहे. मोबाइलवर तारखा लिहिते. मी तिला एकच सांगते, त्यात खोटं लिहू नकोस.

दवाखान्यातून घरी आलो त्या दुपारी आत्या जेवली नाही. मी मागच्या खोलीत, आपणहून, चटईवर जाऊन बसले. मला वाटलं, तेवढं तरी करावं. चारच्या सुमाराला तिची हाक आली. "नीलू! ती वही घेऊन ये." तिने चारही कॅलेंडरं जमिनीवर पसरली होती. "सांग एकेक." मी टिंबं वाचत गेले, ती खोटे गोल खोडत गेली आणि खरे काढत गेली, शाळेत पेपर तपासावेत तशी, ना राग, ना टोमणा. गौरींचा महिना आला तेव्हा तिचा हात थांबला. गोल काढला, बाजूला काहीतरी लिहिलं, तळहाताने झाकलं आणि कागद गुंडाळून टाकला. मग आईला हाक मारली.

"सुनंदा, आजपासून या घरात कुणी बाजूला बसायचं नाही."

आई दारातच उभी राहिली. "आणि कुळाचार?"

"बाजूला बसवलं की पोरी खोटं बोलतात. खोटं बोलल्या की डॉक्टर चुकतात. देवाला चालत नसतं तर चार वर्षांत त्याने सांगितलं असतं." ती उठली. "तारीख मात्र खरी सांगायची. ती मी लिहिणार."

तर अशा रीतीने आमच्या घरातली एक जुनी रीत संपली आणि माझी महिन्यातली चार दिवसांची हक्काची सुट्टीही गेली. बडोद्याला निघेपर्यंतचे सगळे दिवस आत्याने माझ्याकडून पितळ घासून घेतलं, तिसाच्या तीस. मी एकदा कळवळून म्हटलं, "आत्या, आज खरंच पोट दुखतंय." ती म्हणाली, "गरम पाण्याची पिशवी घे आणि समया राहिल्यात त्या घे."

निघताना तिने माझ्या ट्रंकेत नवं कॅलेंडर घातलं, लाल पेन्सिल घातली, आणि जुनी चारही. बडोद्याच्या डॉक्टरला लागली तर असावीत म्हणून. गाडी सुटल्यावर, डबा उघडायच्याही आधी, मी गौरींचा महिना काढून पाहिला. नाटकाच्या तारखेभोवती नीट गोल होता, आत 'नी'. आणि बाजूला, तिच्या त्या टपोऱ्या मुख्याध्यापिकेच्या अक्षरात, शेरा होता: 'पुरण उत्तम. वेलची थोडी कमी.'